कांदिवलीतील विद्युत भार आणि विजेची मागणी

विद्युत भार म्हणजे वीजपुरवठ्याला जोडलेली उपकरणे एखाद्या क्षणी घेत असलेली शक्ती. अशा अनेक भारांची ठरावीक कालखंडातील, सामान्यतः पंधरा किंवा तीस मिनिटांतील, सरासरी म्हणजे विजेची मागणी. दोन्हींचे माप वॅट किंवा किलोवॅट हे आहे. वीजबिलावर ठळकपणे छापलेले 'युनिट' हे शक्तीचे नसून ऊर्जेचे माप आहे. वीजभाराविषयीचे बहुतेक गैरसमज या दोन मापांच्या सरमिसळीतून निर्माण होतात. तारा, फ्यूज, रोहित्रे आणि वीजवाहिन्या महिन्याच्या एकूण वापरावर ठरत नाहीत. सर्वाधिक मागणीच्या क्षणी त्यांच्यातून किती धारा वाहते, यावर ठरतात. मुंबई उपनगर जिल्ह्यातील कांदिवलीसारख्या, बैठ्या घरांपासून चाळीस मजली इमारतींपर्यंत सर्व प्रकारची वस्ती असलेल्या उपनगरात हा भेद स्पष्टपणे दिसतो.

शक्ती आणि ऊर्जा

एक किलोवॅट शक्तीचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात एक युनिट ऊर्जा खर्च होते. २ किलोवॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. ७५ वॅटचा छताचा पंखा तेवढेच एक युनिट घ्यायला तेरा तासांहून थोडा अधिक वेळ लावतो. बिलाच्या दृष्टीने दोघे सारखेच; तारेच्या दृष्टीने मात्र गिझर पंख्याच्या सव्वीसपटींहून अधिक भारी आहे. घरात येणारा पुरवठा एकफेजी २३० व्होल्टचा असल्याने २,००० वॅटच्या गिझरला सुमारे ८.७ अँपिअर, तर पंख्याला अँपिअरच्या एक तृतीयांशाएवढी धारा लागते.

मुंबईत आजही वीजबिलाला 'लाइट बिल' म्हणतात आणि वीजपुरवठा खंडित झाला की 'लाइट गेली' असे म्हणतात. हा शब्दप्रयोग घरातील विजेचा उपयोग दिव्यांपुरता होता त्या काळाची खूण आहे. ६० वॅटच्या तापदीप्त बल्बची जागा ९ वॅटच्या एलईडी दिव्याने घेतल्यापासून बिलातील प्रकाशाचा वाटा बहुतेक घरांत नगण्य उरला आहे. भाराचे केंद्र आता वातानुकूलन यंत्र, गिझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन शेगडी या उपकरणांकडे सरकले आहे.

मुख्य संज्ञा

घरातील किंवा इमारतीतील सर्व उपकरणांच्या अंकित शक्तींची बेरीज म्हणजे जोडभार. वीज कंपनीने अर्जानुसार मान्य केलेला भार म्हणजे मंजूर भार. मोठ्या ग्राहकांच्या बाबतीत करारात नमूद केलेल्या कमाल मागणीस करार मागणी म्हणतात. प्रत्यक्ष मीटरवर नोंदलेला सर्वोच्च आकडा म्हणजे कमाल मागणी.

सर्व उपकरणे एकाच वेळी चालत नसल्याने कमाल मागणी जोडभारापेक्षा बरीच कमी असते. या दोहोंच्या गुणोत्तराला मागणी गुणांक म्हणतात. शेजारच्या दोन घरांच्या कमाल मागणीच्या वेळाही एकच नसतात. एका घरी सकाळी सहाला गिझर लागतो, दुसऱ्या घरी आठला. घरांच्या स्वतंत्र कमाल मागण्यांच्या बेरजेला सर्वांच्या एकत्रित कमाल मागणीने भागले असता येणारी संख्या म्हणजे विविधता गुणांक. तो नेहमी एक किंवा एकापेक्षा अधिक असतो. सरासरी मागणी भागिले कमाल मागणी म्हणजे भारांक. उभारलेली यंत्रणा किती काळ खरोखर उपयोगात येते, याचा तो निर्देशक आहे.

पंप, उद्वाहनाची मोटर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक अशा उपकरणांत धारा आणि विद्युत दाब एकाच तालात नसतात. त्यामुळे प्रत्यक्ष काम करणाऱ्या शक्तीपेक्षा अधिक धारा तारांतून वाहते. हे प्रमाण शक्ती गुणांकाने दाखवतात. म्हणूनच रोहित्रांची क्षमता किलोवॅटमध्ये न सांगता किलोव्होल्ट-अँपिअर, म्हणजे केव्हीए, या एककात सांगतात. मोटर सुरू होतानाच्या क्षणी ती नेहमीच्या पाच ते सात पट धारा ओढते. जुन्या इमारतीत पाण्याचा पंप लावल्याबरोबर दिवे क्षणभर मंद होण्याचे कारण हेच.

एका इमारतीचा हिशेब

उदाहरणादाखल चाळीस सदनिकांची एक गृहनिर्माण संस्था घेता येईल. एका दोन शयनगृहांच्या सदनिकेत दीड टनाची दोन वातानुकूलन यंत्रे (प्रत्येकी १.५ किलोवॅट), एक गिझर (२), मायक्रोवेव्ह (१.२), इस्त्री (१), धुलाई यंत्र (०.५), मिक्सर (०.५), चार पंखे (०.३), फ्रीज (०.२) आणि दिवे, दूरचित्रवाणी, संगणक मिळून ०.३ किलोवॅट असे धरले, तर जोडभार ९ किलोवॅट होतो. प्रत्यक्षात इस्त्री आणि मिक्सर चालू असताना दोन्ही शयनगृहे थंड करणारे कुटुंब विरळाच. कमाल मागणी ४.५ किलोवॅट मानल्यास मागणी गुणांक ०.५ येतो.

चाळीस सदनिकांचा जोडभार ३६० किलोवॅट, स्वतंत्र कमाल मागण्यांची बेरीज १८० किलोवॅट. विविधता गुणांक २ धरला तर सदनिकांची एकत्रित मागणी ९० किलोवॅट राहते. उद्वाहन, पंप आणि जिन्यातील दिवे यांचे १५ किलोवॅट मिळवून १०५, आणि शक्ती गुणांक ०.९ धरून सुमारे ११७ केव्हीए. कागदावरील ३६० किलोवॅटसाठी इतक्या छोट्या पुरवठ्यावर काम भागते ते केवळ विविधतेच्या आधारावर.

या आधाराला मर्यादा आहे. मे महिन्याच्या रात्री अकरा वाजता सर्व घरांतील वातानुकूलन यंत्रे एकदमच चालू असतात. तेव्हा विविधता आकसते आणि केवळ यंत्रांचाच भार १२० किलोवॅटपर्यंत जाऊ शकतो. गिझरच्या वेळा कुटुंबागणिक बदलतात, उकाडा मात्र सगळ्यांना एकाच वेळी होतो. उपनगरांतील केबल आणि रोहित्रांचे दोष उन्हाळ्याच्या रात्री अधिक प्रमाणात उद्भवतात त्यामागे हे कारण आहे.

याच सदनिकेचा महिन्याचा वापर ३२४ युनिट असेल, तर ७२० तासांत सरासरी मागणी ०.४५ किलोवॅट होते आणि भारांक अवघा दहा टक्के येतो. चाळीस सदनिकांचा एकत्र विचार केल्यास सरासरी १८ किलोवॅट, कमाल ९० किलोवॅट, म्हणजे भारांक वीस टक्के. भार जितके अधिक एकत्र येतात तितका भारांक सुधारतो. एका घरापेक्षा इमारतीचा, इमारतीपेक्षा उपनगराचा आणि उपनगरापेक्षा संपूर्ण राज्याचा भारांक चांगला असतो. कारखान्यांची भर पडली की तो आणखी उंचावतो. आकुर्ली मार्गावरील महिंद्रा अँड महिंद्राचा कारखाना किंवा चारकोपची औद्योगिक वसाहत यांची मागणी दिवसा असते, तर निवासी मागणी सकाळ-संध्याकाळी आणि रात्री. एकाच उपनगरात दोन्ही असणे जाळ्याच्या दृष्टीने सोयीचे ठरते.

तारांवरील परिणाम

तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० अँपिअरऐवजी २० अँपिअर धारा वाहू लागली की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. घरगुती तारांवरील पीव्हीसी आवरण साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या सततच्या तापमानासाठी बनवलेले असते. त्यापुढे ते कडक होते, तडकते आणि अखेर वितळते. तापमानातील दर दहा अंशांच्या वाढीने आवरणाचे आयुष्य निम्मे होते, असा अभियांत्रिकीतील ढोबळ नियम आहे.

१९७० आणि १९८०च्या दशकांतील इमारतींची वायरिंग पंखा, ट्यूबलाइट, इस्त्री आणि फार तर फ्रीज गृहीत धरून झाली होती. दिवे-पंख्यांसाठी टाकलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवरून पुढे वातानुकूलन यंत्र आणि गिझर जोडले गेले, तर त्या एकाच तारेतून पंधरा अँपिअरहून अधिक धारा तासन्‌तास वाहते. सदनिकेतील फ्यूज किंवा एमसीबी वारंवार पडू लागल्यास तो दोष नसून इशारा असतो. त्या जागी जाड तार गुंडाळणे किंवा अधिक अँपिअरचा एमसीबी बसवणे हा उपाय सर्रास केला जातो; त्याने तक्रार थांबते, पण तारेला असलेले एकमेव संरक्षण नाहीसे होते. मुंबईतील आगींच्या कारणांत विद्युत दोषांचा क्रमांक सातत्याने वरचा राहिला आहे. तळमजल्यावरील मीटर खोली आणि तेथून वर जाणारी केबलची पोकळी या सर्वांत संवेदनशील जागा आहेत, कारण तिथे लागलेल्या आगीचा धूर थेट जिन्यात पसरतो आणि रहिवाशांची बाहेर पडण्याची वाट बंद होते. मीटर खोलीत जुने सामान, सायकली किंवा रद्दी साठवण्यावरील बंदी त्यासाठीच आहे.

आणखी एक धोका कमी परिचित आहे. इमारतीत पुरवठा तीन फेजने येतो आणि सदनिका या तीन फेजांवर विभागल्या जातात. विभागणी असमान झाली किंवा एका फेजवरील घरांनी भार वाढवला, तर उरलेली धारा न्यूट्रल तारेतून परत जाते. ढिल्या जोडामुळे ही न्यूट्रल तुटल्यास ज्या फेजवर भार कमी आहे त्या घरांतील विद्युत दाब २३० व्होल्टवरून कितीतरी वर चढतो. तो ४०० व्होल्टच्या जवळही पोहोचू शकतो. एका मजल्यावरील दूरचित्रवाणी संच जळावेत आणि शेजारच्या घरात दिवे मिणमिणावेत, ही विसंगती बहुधा यामुळेच दिसते. अशा वेळी मुख्य स्विच तत्काळ बंद करणे हाच बचाव आहे. भारवाढ किंवा वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते.

चारकोप आणि पुनर्विकास

कांदिवली पश्चिमेकडील चारकोप ही वसाहत भारवाढीचे बोलके उदाहरण आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पांतर्गत म्हाडाने येथे सुविधांसह लहान भूखंड दिले. मधल्या चौकाभोवती तीस-पस्तीस भूखंड आणि त्यांची एक सहकारी संस्था अशी तिची रचना आहे. घर प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधावे, ही योजनेची मूळ कल्पना होती. ती यशस्वी झाली. बैठ्या घरांवर एक, मग दोन, कुठे त्याहून अधिक मजले चढले आणि वरचे मजले भाड्याने दिले गेले. एका जोडणीच्या जागी तीन-चार बिऱ्हाडांचा भार आला. नियोजकांनी पाणी आणि सांडपाण्याची वाढीव गरज काही अंशी आधीच मोजली होती, परंतु दर मजल्यावर एक वातानुकूलन यंत्र असेल, ही १९८५ मध्ये कुणाच्याही कल्पनेपलीकडची गोष्ट होती. अरुंद गल्ल्यांत नवे उपकेंद्र उभारण्यास मोकळी जागा मिळणे ही तेथील खरी अडचण आहे.

ठाकूर व्हिलेज, लोखंडवाला संकुल यांसारख्या पूर्वेकडील वसाहतींत परिस्थिती वेगळी आहे. तेथे मोठ्या इमारतींबरोबरच उपकेंद्रांची आखणी झाली. पश्चिमेकडील महावीर नगर, डहाणूकरवाडी परिसरात चार मजली जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. पुनर्विकासात सदनिकांची संख्या वाढतेच. शिवाय एकाऐवजी तीन-चार उद्वाहने, दाब वाढवणारे पंप, अग्निशमन पंप, यांत्रिक वाहनतळ यांचा सामाईक भार नव्याने येतो. अशा प्रकल्पात भूखंडाच्या आवारातच वितरण उपकेंद्रासाठी जागा राखून ठेवावी लागते. ती रहिवाशांना नकोशी वाटते, मात्र रोहित्र जितके दूर तितका केबलमधील दाबऱ्हास अधिक.

पुरवठ्याची व्यवस्था

उपनगरांच्या वीजवितरणासाठी 'बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय' ही कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली. 'बीएसईएस' या आद्याक्षरांनी ती अनेक दशके ओळखली गेली. त्याआधीच ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेच्या उपनगरी गाड्या धावू लागल्या होत्या. त्या काळची वीज प्रामुख्याने सह्याद्रीतील टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून येत असे: खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७). बीएसईएसने १९९५ मध्ये डहाणू येथे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच असलेले स्वतःचे औष्णिक केंद्र सुरू केले. कंपनी पुढे रिलायन्स समूहाकडे आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेली.

कांदिवलीत दोन वितरण परवानाधारक आहेत: अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर. टाटा पॉवरला उपनगरांत किरकोळ ग्राहकांनाही वीज विकता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिला. त्यानंतर जुन्याच कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेण्याची सोय झाली. बिलातील 'वहन आकार' हे तारांच्या वापराचे शुल्क असते. वीज कोणाचीही असली तरी केबलमधील बिघाड दुरुस्त करणे हे ज्याच्या तारा त्याचे काम आहे. शहराच्या दक्षिण भागात बेस्ट, तर मुलुंड आणि भांडुप भागांत महावितरण वितरण करते.

उच्चदाब उपकेंद्रांतून २२० किलोव्होल्टची वीज ३३ आणि ११ किलोव्होल्टवर उतरवली जाते आणि गल्लीतील वितरण उपकेंद्रात ती ४१५ व्होल्ट होते. उपनगरातील बहुतेक वाहिन्या भूमिगत आहेत. त्यामुळे वादळात तारा तुटण्याचा त्रास कमी, पण रस्ते खोदाईत केबल तुटण्याचा आणि दोषाची जागा शोधण्यास लागणाऱ्या वेळाचा त्रास अधिक.

मागणीचे दैनिक आणि ऋतुमानानुसार स्वरूप

मुंबईची मागणी मे-जूनमध्ये, पाऊस येण्याआधीच्या दमट उकाड्यात, शिखर गाठते. पावसाळ्यात ती उतरते, ऑक्टोबरमध्ये पुन्हा चढते आणि डिसेंबर-जानेवारीत तळाला जाते. मे २०२४ मध्ये मुंबईच्या मागणीने ४,००० मेगावॅटचा टप्पा ओलांडला. कार्यालयांचा भार दुपारी असतो, तर कांदिवलीसारख्या निवासी उपनगराचा जोर रात्री. उर्वरित महाराष्ट्राचे चित्र याहून भिन्न आहे. तेथे रब्बी हंगामातील कृषिपंप मागणीचा आलेख घडवतात. २००५ नंतरच्या टंचाईच्या वर्षांत राज्यभर भारनियमन लागू असताना मुंबई त्यातून बहुतांशी वगळली गेली होती. ग्रामीण भागातील तासन्‌तासांचा अंधार आणि शहरातील अखंड पुरवठा या विरोधाभासावर त्या काळी बरीच टीका झाली.

१२ ऑक्टोबर २०२०चा बिघाड

विजेचा साठा मोठ्या प्रमाणावर होत नसल्याने निर्मिती आणि मागणी यांचा मेळ दर क्षणी बसावा लागतो. तो बिघडला की वारंवारता ५० हर्ट्झपासून ढळते. बाहेरील जाळे कोलमडल्यास मुंबईने स्वतःला वेगळे करून ट्रॉम्बे, डहाणू आदी केंद्रांवर तग धरावा, यासाठी १९८०च्या दशकाच्या आरंभीपासून 'आयलँडिंग' ही स्वयंचलित व्यवस्था आहे. वेगळे होताना स्थानिक निर्मितीच्या मानाने जादा असलेला भार सेकंदांच्या आत तोडावा लागतो, हे तिचे मर्म.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास पडघा-कळवा दरम्यानच्या ४०० किलोव्होल्ट वाहिन्यांवरील बिघाडानंतर ही व्यवस्था अपयशी ठरली आणि मुंबईसह ठाणे परिसर काळोखात गेला. लोकलगाड्या जागीच थांबल्या. करोनाकाळ असल्याने रुग्णालयांना जनित्रांवर अवलंबून राहावे लागले. पुरवठा त्याच दिवशी टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाला. मुंबईत वीज आणणाऱ्या वाहिन्यांची क्षमता मागणीच्या मानाने तोकडी आहे, ही गोष्ट या घटनेने ठळक केली. खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी २०२३ मध्ये कार्यान्वित झाली. कुडूस ते आरे दरम्यान १,००० मेगावॅटची उच्चदाब एकदिश वाहिनीही हाती घेण्यात आली.

मंजूर भार आणि वीजबिल

निवासी ग्राहकांचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर दर चढत जातात. युनिटांशी निगडित भाग हा वीज आकार आणि वहन आकार. वापर शून्य असला तरी द्यावा लागणारा तो स्थिर आकार. बंद सदनिकेलाही बिल का येते, या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर असे की त्या सदनिकेसाठी राखलेली केबलची आणि रोहित्राची क्षमता बंद नसते.

मंजूर भारापेक्षा अधिक वापर होत असल्यास भारवाढीसाठी अर्ज करणे अपेक्षित आहे. अनेक ग्राहक स्थिर आकार वाढेल या भीतीने ते टाळतात. मात्र वितरण कंपनी रोहित्राची आणि केबलची निवड मंजूर भारांवरूनच करते. लपवलेला भार अखेर गल्लीतील सर्वांच्याच केबलवर पडतो. केंद्र सरकारच्या २०२३च्या सुधारित नियमांनुसार, स्मार्ट मीटर बसल्यावर त्याआधीच्या काळासाठी केवळ नोंदलेल्या कमाल मागणीच्या आधारे दंड आकारता येत नाही, आणि आर्थिक वर्षात किमान तीनदा मंजूर भार ओलांडला गेला तरच तो वाढवला जातो.

भार घटविण्याचे उपाय

वातानुकूलन यंत्र हा निवासी शिखरमागणीचा मुख्य घटक असल्याने उपायांचा रोखही त्यावरच आहे. जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांचे तापमान सुरुवातीला २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक आहे. तापमान एका अंशाने वाढवल्यास विजेची सुमारे सहा टक्के बचत होते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. ३० वॅटच्या आसपास चालणारे बीएलडीसी पंखे ऊर्जा वाचवतात, पण शिखरमागणीवरील त्यांचा प्रभाव मर्यादित आहे. गिझर आणि धुलाई यंत्र वातानुकूलनाच्या वेळेत न चालवणे याला काहीच खर्च येत नाही आणि कमाल मागणी त्याने थेट उतरते.

छतावरील सौर संच गृहनिर्माण संस्थांत लोकप्रिय होत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत संस्थांच्या सामाईक सुविधांसाठी प्रतिकिलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. उद्वाहन आणि पंपांचे युनिट त्याने कमी होतात. रात्री अकराची मागणी मात्र साठवण घट्टांशिवाय तशीच राहते. त्याच वेळी विजेवर चालणाऱ्या मोटारी वाहनतळात चार्जिंगला लागू लागल्या आहेत. घरगुती चार्जर ३.३ किंवा ७.४ किलोवॅटचा असतो, म्हणजे एक मोटार दोन ते पाच वातानुकूलन यंत्रांइतका भार घेते. मध्यरात्रीनंतर पाळीपाळीने चार्जिंग ठेवले तर जुने रोहित्र पुरते. सर्वांनी कामावरून परतल्याबरोबर प्लग लावला तर पुरत नाही. त्यामुळे काही संस्था चार्जिंगच्या वेळा वाटून देतात, तर काही चार्जरसाठी स्वतंत्र मीटर आणि स्वतंत्र मंजूर भार घेतात.